शब्दांची विचारपूस : ‘नेकेड’ आणि ‘न्यूड’

प्रश्न : चित्राच्या शीर्षकात ‘न्यूड’ असते, बातमीत मात्र ‘नेकेड’ येते. शब्दकोशात दोन्हींपुढे ‘नग्न’च दिलेले आढळते. मग इंग्रजीत त्यांच्यात काही फरक आहे का?

उत्तर : फरक आहे, आणि भाषांतर करताना तो जपायलाच हवा. ‘नेकेड’ हा इंग्रजीच्या घरचा जुना शब्द, ‘न्यूड’ लॅटिनमधून आलेला. आपला ‘नग्न’ही त्यांच्याच कुळातला. पण ‘नेकेड’ म्हणताना, जे आवरण असायला हवे होते ते नाही, ही उणीव बोलणाऱ्याच्या मनात असते. ‘न्यूड’मध्ये ती मागे पडते आणि शरीराचा आकार हाच पाहण्याचा विषय होतो. म्हणूनच कला महाविद्यालयाच्या वर्गात आपल्या राजीखुशीने चित्रासाठी बसणारी मॉडेल ‘न्यूड’ असते. जमावाने एखाद्या स्त्रीची वस्त्रे फेडून धिंड काढली, तर तेथे ‘नेकेड’च लिहिले पाहिजे, ‘न्यूड’ लिहिल्यास तिच्यावर झालेली जबरदस्तीच झाकली जाते. मराठीतही अशा बातमीत ‘नग्न महिला’ न लिहिता ‘महिलेला विवस्त्र केले’ असे लिहावे, असा माझा आग्रह आहे, कारण हे कोणीतरी केले आहे, ही गोष्ट त्या क्रियापदामुळे वाक्यात टिकून राहते.

शरीराशी संबंध नसतो तेथे ‘नग्न’ बहुधा चालत नाही. दुर्बिणीवाचून तारा दिसतो तेव्हा इंग्रजीत डोळ्याला ‘नेकेड’ म्हणतात. मराठीत ‘नुसत्या डोळ्यांनी’ म्हणावे. ‘उघड्या डोळ्यांनी’ रूढ आहे खरे, पण त्यातून ‘जाणूनबुजून’ असाही अर्थ निघतो. शिवाय मराठीत ‘उघडा’ म्हणजे पुष्कळदा फक्त अंगात सदरा नसलेला, हे वेगळेच.

‘न्यूड’ इंग्रजीत आधी कायद्याच्या भाषेत वावरला, चित्रकलेत तो पुढे रुळला. मोबदल्यावाचूनच्या कराराला तेथे ‘न्यूड’ म्हणत. असा करार, काही अपवाद सोडता, आपल्याकडे 1872 च्या करार कायद्याच्या कलम 25 नुसार रद्दबातल ठरतो. मराठीत ‘नग्न’ने दुसरीच वाट धरली : त्यातून ‘नागवा’ आला आणि ‘नागवणे’ म्हणजे लुबाडणे झाले. सावकाराने नागवलेल्या शेतकऱ्याच्या अंगावर कपडे असतात, घरात मात्र काही उरलेले नसते.

उच्चाराविषयी एवढेच, की ‘नेकेड’ दोन अवयवांत, जवळजवळ ‘नेऽ-किड’ असा म्हणावा. ‘बेक्ड’च्या चालीवर ‘नेक्ड’ म्हणणे चूक आहे.