पळायच्या आधी डोक्यावर गार पाणी ओतू का?

प्रश्न: सर, मी खानापूर तालुक्यातला, वय १९, आर्मी भरतीची तयारी चालू आहे. दिवसभर वीटभट्टीवर कामाला असतो म्हणून पळायला संध्याकाळी ४ लाच जमतं, मे महिन्यात ऊन कसलं असतं तुम्हाला माहीत आहेच. दोन किलोमीटर झाले की डोकं गरगरतं. मित्र म्हणतो पळायच्या आधी फ्रीजचं पाणी डोक्यावर ओत, आई म्हणते तापल्या अंगावर गार पाणी घेऊ नको. कुणाचं ऐकू?

उत्तर: बाळा, गरगरतंय तिथं थांबायचं, रेटायचं नाही, हे आधी. भट्टीवरून तू तापूनच येतोस. पळताना स्नायू जी ताकद वापरतात त्यातली तीन चतुर्थांश नुसती उष्णता होते, आणि आतलं तापमान ३७ वरून ४० कडं सरकलं की पाय आपोआप जड होतात. तू सुरुवातच वरून करतोस, मग वर चढायला जागा किती उरली सांग. अंग आधी गार करायचं ते ही जागा परत मिळवायला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकला ऑस्ट्रेलियाचे खेळाडू रेसआधी बर्फाची जाकिटं घालून बसायचे ते ह्यासाठीच.

आपल्याला जाकीट नको. कामावरून आलास की अर्धा तास सावलीत बस, पाणी पी, ओला टॉवेल मानेवर आणि हातांवर ठेव, कोपरापर्यंत हात बादलीत बुडव. मग बर्फाचा चुरा, लिंबू, मीठ, साखर, सरबतासारखं पातळ करून घोट घोट घे. नुसत्या गार पाण्यापेक्षा हे कितीतरी भारी, कारण एक ग्रॅम बर्फ नुसता वितळायलाच ८० कॅलरी उष्णता घेतो, आणि ती तुझ्या अंगातून जाते. अभ्यासांत किलोमागं साडेसात ग्रॅम दिलेलं आहे, म्हणजे तू ६० किलोचा असशील तर ४५० ग्रॅम, पण तू पहिल्यांदा निम्मंच घेऊन बघ, काहींचं पोट बिघडतं. बर्फ घरच्या पाण्याचाच, मासळीच्या गाडीवरचा अजिबात नको. पाय मात्र गार करू नकोस, थंड स्नायूंना वेग येत नाही.

आता मित्राचं. डोक्यावर पाणी ओतल्यावर बरं वाटतं, पण आत ताप तसाच असतो आणि बरं वाटतंय म्हणून तू जास्त जोरात पळतोस, मला भीती त्याचीच वाटते. आईचं म्हणणं तापल्या तापल्या विहिरीत उडी मारण्याबद्दल धर, तिथं दम एकदम अडकतो, ते खरंच धोक्याचं.

आणि भरतीची १६०० मीटर साडेपाच-सहा मिनिटांत संपते, तेवढ्यात अंग फार तापत नाही, त्यामुळं बर्फानं टाइम कमी होईल अशी आशा ठेवू नकोस. भरतीला मुलं थकतात ती उन्हात तास न् तास लाइनीत उभं राहून, ओला टॉवेल आणि टोपी तिथं कामाला येते. लांब पळायचं ते पहाटे साडेपाचला पळ, आणि उन्हाची सवय दहा-चौदा दिवसांत हळूहळू लाव, ती सवय बर्फापेक्षा जास्त टिकते.

एकटा पळू नकोस. कुणी बरळायला लागला, झोकांड्या खायला लागला तर सावलीत आडवा करून आधी अंगभर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा, आणि शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. मित्राला सांग, फ्रीजच्या पाण्याची बादली ग्राउंडच्या कडेला भरून ठेव.