माणसे सांभाळणारा टीम लीड कामात मागे पडतो का?

आठ जणांच्या टीमचे लीड झाल्यावर माणसांना सांभाळून घेतले तर डेडलाइन हातची जाते का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे; पण ते मला एका मुलाचे नाव भर कॉलवर घेतल्यानंतर उमगले.

मी तेव्हा छत्रपती संभाजीनगरात लीड होतो. टीममधल्या औशाच्या मुलाने येळवशीची, म्हणजे वेळ अमावास्येची, रजा मागितली होती. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी गावे ओस पडतात आणि सगळी माणसे शेतात असतात, हे मला चांगले ठाऊक होते. तरीही सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीचे डिसेंबरअखेरचे रिलीज पुढे करून वरिष्ठांनी रजा नाकारली, तेव्हा मी एक शब्द बोललो नाही. घरचे आंबील-भज्जीच्या पंगतीला बसलेले असताना हा ऑफिसात डेटा दुरुस्त करत होता. डेटा बदलणाऱ्या अपडेटच्या क्वेरीत, कोणत्या नोंदी बदलायच्या हे सांगणारे ‘व्हेअर’ लिहायचे राहिले आणि सगळ्या ग्राहकांच्या पत्त्यांत एकच पिनकोड जाऊन बसला. बॅकअपवरून डेटा परत आणायला चार तास गेले. कॉलवर वरिष्ठांनी पहिलाच प्रश्न ‘कोणी केले?’ असा विचारला आणि मी नाव सांगून मोकळा झालो. प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहकांच्या चालू डेटाबेसवर, थेट लिहिण्याची मुभा त्याला मीच दिली होती, हे कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

त्यानंतर टीम गप्प झाली. वरिष्ठांना ती शिस्त वाटली. मार्चमध्ये कळले की रात्रीचा बॅकअप नऊ दिवस फेल जात होता आणि एका सहकारी मुलीला ते तिसऱ्याच दिवशी दिसले होते. ‘आधी माझेच नाव आले असते’, एवढेच ती म्हणाली. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांच्या १९९६ सालच्या अभ्यासात रुग्णालयांतील चांगल्या चमूंमध्येच औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या आढळल्या होत्या, आणि तिथली माणसे चूक सांगायला कचरत नाहीत, हे त्याचे कारण त्यांनी मांडले. आमच्याकडे अडीच महिन्यांत एकाही चुकीची नोंद नव्हती.

घटनेच्या अहवालात नावे लिहू नका, थेट लिहिण्याची मुभा काढून घ्या आणि प्रत्येक क्वेरी दुसऱ्याच्या नजरेखालून जाऊ द्या. स्टँडअपमध्ये, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीत, हजेरी घेणारा लीड मला ऊसतोडीच्या मुकादमासारखा वाटतो. मुकादम निदान उचल तरी आगाऊ देतो.

‘लाड केले की माणसे बिघडतात’, असे आमच्या वरिष्ठांचे म्हणणे होते. तो मुलगा त्या दिवशी शेतात असता तर ते चार तास वाचले असते, हे मी त्यांना तेव्हाच ऐकवायला हवे होते. अर्थात, वेळ देऊनही काम टाळणारी माणसे असतात. त्यांना एकटे बसवून स्पष्ट सांगावे लागते, आणि मी एकाला तसे सांगून टीममधून काढलेही आहे. आपल्या डेडलाइनचे म्हणाल, तर टीमला न विचारता विक्री विभागाने ठरवलेली तारीख कडक लीडकडूनही चुकतेच.

येळवशीचा दिवस आता मी वर्षाच्या सुरुवातीलाच टीमच्या कॅलेंडरात रिलीजसाठी बंद करून ठेवतो. त्या मुलाने मात्र त्याच एप्रिलमध्ये राजीनामा दिला.