उचललेल्या पिल्लाचा हिशेब

रस्त्यावरची कुत्री घरी ठेवून सांभाळणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी विदर्भातल्या खेड्यांतून जास्त आली. दवाखाना लांब, पैसा मोजका आणि गावकरी वैतागलेले, असा सूर बहुतेकांचा. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : पराटीच्या वावरात धुऱ्यावर तीन पिल्लं सापडली. आई गाडीखाली गेली. चालतात, भात चाटतात. दोन महिने सांभाळून कुणाला तरी द्यायची म्हणतो. खर्च किती धरावा? (ता. आर्णी, जि. यवतमाळ)

उत्तर : दोन नव्हे, अडीच महिने धरा. भात चाटणारी पिल्लं साधारण पाच-सहा आठवड्यांची असतात आणि लसींची मालिका 16 आठवड्यांपर्यंत चालते. अर्धवट लस झालेलं पिल्लू दिलं की पुढचा डोस बहुधा राहूनच जातो.

आधी खाणं. तीन किलोच्या पिल्लाला दिवसाला साधारण 400 कॅलरी लागतात. तिघांना मिळून रोज 150 ग्रॅम तांदूळ, हाडासकट 300 ग्रॅम कोंबडी, दोन अंडी आणि एक मोठा चमचा तेल. कोंबडी शिजवली की हाडं काढून फेका, शिजलेलं हाड सुईसारखं तुटतं. मीठ, कांदा नको. अंड्याची टरफलं उकळून, वाळवून मिक्सरमध्ये पिठासारखी दळा आणि पिल्लामागे रोज अर्धा चहाचा चमचा घाला. भात-कोंबडीत कॅल्शियम जवळजवळ नसतं. त्याच्यावरच वाढलेल्या पिल्लाचे पाय वाकतात आणि उडी मारतानाच हाड मोडतं. कोंबडी 240 रुपये किलो आणि अंडं 7 रुपये धरलं, तर पहिल्या महिन्याचं खाणं 2,900 च्या आसपास जातं. दुसऱ्या महिन्यात दीडपट. अडीच महिन्यांचे साडेनऊ हजार लिहून ठेवा.

जंताचं औषध आल्याबरोबर द्या, मग दर पंधरा दिवसांनी तीन महिन्यांचं होईपर्यंत, पुढे सहाव्या महिन्यापर्यंत महिन्याला एकदा. मात्रा वजनावर असते. किराणा दुकानाच्या काट्यावर पिल्लू पिशवीत घालून तोला, अंदाजे देऊ नका.

एकत्रित लस (पार्वो, डिस्टेंपर वगैरे आजारांची) आठव्या, बाराव्या, सोळाव्या आठवड्यात. रेबीजची बाराव्या आठवड्यात आणि महिन्याने पुन्हा. म्हणजे तिघांचे नऊ आणि सहा डोस. एकत्रित डोस 500 चा आणि रेबीजचा 200 चा धरला तर 5,700. तुमच्या तालुक्याचा भाव आधी विचारून घ्या. जाण्यायेण्याचे 70 किलोमीटर असतील तर चार फेऱ्यांचं पेट्रोल सहाशेच्या घरात. सगळं मिळून सोळा हजार, तेही तिघंही धडधाकट राहिली तर. बुडालेली रोजी यात धरलेली नाही, आणि खेड्यात खरा खर्च तिथेच होतो.

लस विकत घेऊन गावात टोचणार असाल तर ती 2 ते 8 अंशांतच राहायला हवी. थर्मासमध्ये बर्फ, त्यावर फडक्याची घडी, मग कुपी. कुपी थेट बर्फाला टेकली की गोठते आणि गोठलेली लस म्हणजे पाणी. मेडिकलवाल्याला एकच विचारा: रात्री लाईट जाते तेव्हा फ्रिजचं काय करता? उत्तर द्यायला तो अडखळला तर दुसरं दुकान पाहा. ताप, हगवण किंवा नाक वाहत असलेल्या पिल्लाला त्या दिवशी लस टोचू नका.

प्रश्न : डोळे न उघडलेल्या पिल्लाला गाईचं दूध पाणी घालून देतो, तरी रडतं. (ता. मूर्तिजापूर, जि. अकोला)

उत्तर : उपाशी आहे म्हणून रडतं. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा दुपटीच्या आसपास प्रथिनं आणि चरबी असते, आणि तुम्ही आणखी पातळ करता. पिल्लांची दूध पावडर मिळेपर्यंत एक-दोन दिवस पाव लिटर निरशा दुधात अंड्याचा एक पिवळा बलक आणि चमचाभर तेल फेटून द्या. पण आधी पिल्लू गरम करा. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. कोमट पाण्याची बाटली गोधडीत गुंडाळून शेजारी ठेवा. पाजताना पोटावर, कधीही उताणं नाही, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. प्रत्येक वेळी ओल्या कापसाने खालून पुसा. त्याशिवाय या वयात शी-शू होत नाही.

प्रश्न : मागच्या महिन्यात पिल्लू रक्ताची हगवण लागून गेलं, डॉक्टर पार्वो म्हणाले. फिनाईल टाकून अंगण धुतलं, पुन्हा सारवलं. दुसरं आणू का? (ता. लाखनी, जि. भंडारा)

उत्तर : नको. त्या अंगणात लस न झालेलं पिल्लू निदान वर्षभर आणू नका. पार्वोचा विषाणू फिनाईलला मरत नाही, मातीत महिनोन्महिने टिकतो. त्याला मारतं ते ब्लीच: बाजारात मिळतं ते पाच टक्क्यांचं, एक भाग आणि पाणी 30 भाग, 10 मिनिटं ओलं ठेवायचं. पण शेण-माती लागली की ब्लीचचा जोर संपतो. म्हणून सारवलेली जमीन निर्जंतुक होतच नाही. आधी साबणाने घासून मग ब्लीच, हे फक्त फरशी, कडप्पा, स्टीलची भांडी यांनाच लागू. गोणपाट, पुठ्ठे, लाकडी खोकं जाळून टाका. मे महिन्याच्या उन्हात उघडं अंगण लवकर सुटतं, पण माठाखालची ओल आणि गोठ्याचा कोपरा तसाच राहतो.

कुत्रं सांभाळायचंच असेल तर लस पूर्ण झालेलं मोठं घ्या. आणि त्या घरच्या चपला घालून दुसऱ्याच्या पिल्लांकडे जाऊ नका, हा आजार चपलेवरून गावभर फिरतो. पुढे कधी पिल्लाने एक जेवण टाकलं आणि उलटी केली, तर रक्त दिसायची वाट पाहू नका. उपचार म्हणजे पाच-सात दिवस शिरेतून सलाईन, बहुतेकदा दिवसातून दोनदा. हातगुण, गंडा, दही-भात यात गेलेले दोन दिवस परत मिळत नाहीत.

प्रश्न : कुत्र्याच्या कानामागे जखम होऊन किडे पडलेत. डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात. कुणी डिझेल सांगतं, कुणी जळालेलं ऑइल. (ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

उत्तर : दोन्ही नको. चामडी भाजते आणि कुत्रं ते चाटतं.

दोघं जण लागतील. जुन्या दुपट्ट्याची दोन बोटं रुंद, दोन-अडीच हात लांब पट्टी फाडा. तिचा फास जबड्यावरून घाला, गाठ हनुवटीखाली मारा आणि टोकं कानांमागे बांधा. कुत्रं धापत किंवा ओकत असेल तर तोंड बांधू नका. जखमेभोवतीचे केस बोटभर अंतरापर्यंत कापा. एक लिटर उकळलेल्या पाण्यात दीड सपाट चहाचा चमचा मीठ, कोमट झालं की बिनसुईच्या मोठ्या सिरिंजने जोरात मारा. मग कापसाचा बोळा टर्पेंटाइन तेलात बुडवून घट्ट पिळा आणि जखमेच्या तोंडावर दहा मिनिटं दाबून ठेवा. मेडिकलमधलं तेल हवं, रंगात घालायचं थिनर नव्हे. अळ्या शेपटीकडून श्वास घेतात; हवा कोंडली की मागून बाहेर येतात. तांदळाच्या दाण्यासारख्या पांढऱ्या टोकांची दाटी दिसली की बोथट चिमट्याने एकेक ओढा. ओढताना तुटली तर आत राहिलेला तुकडा सडतो, म्हणून घाई नको. डोळा, गुदद्वार, जननेंद्रिय यांच्याजवळ टर्पेंटाइन लावूच नका, तिथे फक्त मिठाचं पाणी आणि चिमटा.

आता फसतात ते इथे: वरून जखम रुपयाएवढी आणि आत कानाच्या मुळापर्यंत बोगदा. बॅटरी मारून पाहा. धुतल्यावरही कुजका वास राहिला तर अळ्या आहेत. माशीची अंडी एका दिवसात फुटतात, त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सगळं पुन्हा करावं लागतं. स्वच्छ झाल्यावर कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं बीटाडिन, कडेला माश्या न बसण्याचं मलम, आणि कुत्रं मच्छरदाणीत. धुवून रस्त्यावर सोडलं तर संध्याकाळी पुन्हा माशी बसलेली असते. जखम भरायला दहा दिवस लागू शकतात; तेवढे दिवस ठेवायला जागा नसेल तर आधी जागा शोधा. डॉक्टर आले की अळ्यांसाठी इंजेक्शन आणि प्रतिजैविक त्यांच्याकडूनच घ्या.

प्रश्न : गोचीड मरावेत म्हणून पिकावरचं औषध पातळ करून लावलं तर चालेल? (ता. राळेगाव, जि. यवतमाळ)

उत्तर : मुळीच नाही. 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने तुमच्याच जिल्ह्यात माणसं दगावली, आणि कुत्रं तर अंग चाटतं. लाळेच्या तारा, टाचणीच्या टोकाएवढी बाहुली, अंगाला थरथर, अशी लक्षणं दिसली तर ओकवू नका. साबणाच्या पाण्याने अंग धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन डॉक्टरांकडे पळा, नाव वाचल्याशिवाय उतारा ठरत नाही.

नुसतं कुत्र्यावर औषध मारून गोचीड जात नाहीत, कारण मादी खाली उतरून भिंतीच्या फटीत हजारोंनी अंडी घालते. कुडाच्या, मातीच्या भिंतीच्या भेगा चुना-मातीने बुजवा, बसायचं पोतं दर आठवड्याला उकळत्या पाण्यात टाका. हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त, ताप असेल तर तो बहुधा गोचीड ताप. त्याच्या गोळ्या 28 दिवस चालतात, पोटभर जेवणासोबतच. पाचव्या दिवशी कुत्रं उड्या मारू लागतं आणि लोक गोळ्या बंद करतात, मग तेच दुखणं महिन्याने परत.

प्रश्न : उचलून आणलेल्या कुत्रीचे महिनाभर रक्ताचे थेंब पडतात. माजावर आहे म्हणतात. (ता. कारंजा, जि. वाशिम)

उत्तर : माज साधारण तीन आठवड्यांत उतरतो. महिनाभर थेंब म्हणजे आत फुलकोबीसारखी गाठ असण्याची शक्यता मोठी. ही गाठ जुगताना एकाकडून दुसऱ्याला लागते, रस्त्यावरच्या कुत्र्यांत सर्रास दिसते आणि बहुतेक वेळा पूर्ण बरी होते. उपचार म्हणजे आठवड्याला एक विनक्रिस्टिनचं (कर्करोगावरचं औषध) इंजेक्शन, साधारण चार ते सहा. ते शिरेतच गेलं पाहिजे, बाहेर सांडलं तर मांस सडतं. प्रत्येक वेळी आधी रक्ततपासणी. म्हणून गावात कुणाच्या तरी हातून टोचून घेण्याचा हा प्रकार नाही. अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था किंवा नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठा. सहा आठवडे, सहा फेऱ्या. चौथी फेरी चुकणार असेल तर आधीच कुणाशी तरी वाटून घ्या. हे औषध शी-शूतून बाहेर पडतं, ती काढताना हातमोजे घाला.

प्रश्न : सांभाळलेलं पिल्लू दात मारतं. घरचे हळद-चुना लावतात. (ता. चिखलदरा, जि. अमरावती)

उत्तर : हळद, चुना, मिरची काहीही नको. वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मग प्राथमिक आरोग्य केंद्र. सरकारी दवाखान्यात रेबीजच्या कातडीतल्या इंजेक्शनचं वेळापत्रक 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी असतं. रक्त निघालं असेल तर जखमेत सोडायचं सीरमही लागतं, ते तिथे नसेल तर कुठे मिळेल हे त्याच वेळी विचारा. ज्याने चावा घेतला ते कुत्रं 10 दिवस नजरेखाली ठेवा. तुम्ही नेहमी कुत्री हाताळत असाल तर आधीच 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवसाची मालिका घेऊन ठेवा. नंतर चावलं तर दोनच डोस, सीरम नाही.

जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज बसलाय, अशा कुत्र्याच्या घशात हाड अडकलं म्हणून हात घालतात. तो मुका रेबीज असू शकतो. हात घालू नका.

प्रश्न : एक ठेवलं म्हणून आता लोक पिशवीतून पिल्लं आणून दाराशी टाकतात. सध्या नऊ आहेत. नाही कसं म्हणू? (ता. भद्रावती, जि. चंद्रपूर)

उत्तर : तुमची मर्यादा ताटांवर नव्हे, खोल्यांवर ठरते. नवीन आलेलं कुत्रं 14 दिवस वेगळं ठेवायला जागा नसेल तर दार बंद आहे असं समजा, कारण दहावं पिल्लू नऊ जणांना पार्वो देऊन जातं. आणून टाकणाऱ्याकडून वहीत तीन ओळी लिहून घ्या: कुठून आणलं, लसीचा खर्च कोण देणार, कोणत्या तारखेपर्यंत. पेन पुढे केलं की निम्मे लोक पिशवी उचलतात.

मोठ्या, धडधाकट कुत्र्याला उचलूच नका. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं सहसा मूळ जागीच सोडायचं असतं, आणि हे काम स्थानिक स्वराज्य संस्थेचं आहे. ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, कुत्र्यासाठी गाडी येईलच असं धरून बसू नका. तुमचं गाव ताडोब्याच्या बाजूचं असेल तर रात्री एकही कुत्रं अंगणात बांधून ठेवू नका. साखळीतलं कुत्रं बिबट्याला आयतं मिळतं.

पिल्लू देताना लसीचं कार्ड सोबत द्या, फोटो तुमच्याकडे ठेवा. गाडीने पाठवणार असाल तर आधी पाच-सहा तास खायला देऊ नका. आणि तेच अन्न कसं शिजवायचं ते लिहून, चार दिवस पुरेल इतका तांदूळ बांधून द्या. अन्न एकदम बदललं की हगवण लागते, आणि पिल्लू 'आजारी दिलं' म्हणून तुमच्याच दारी परत येतं.