धुळ्याहून जंगल आणि समुद्र एकाच सहलीत: आहवामार्गे तिथल

तुम्ही विचारलंय की धुळ्याहून नवरा-बायको दोघंच गाडीने निघणार आहात, वाटेत जंगल हवं, प्राणी-पक्षी दिसावेत आणि शेवटी समुद्र, तर कोकणात कुठे जावं? माझं ऐका, कोकण राहू द्या. आपल्या खानदेशाला जवळचा समुद्र गुजरातचा, म्हणजे वलसाडजवळच्या तिथलचा, आणि त्याच्या वाटेवर डांग जिल्ह्याचं जंगल आहे.

साक्री, दहिवेल, कोंडाईबारी घाट आणि नवापूर. इथपर्यंत हायवेच आहे, ट्रकची वर्दळ असते, घाटात घाई करू नका. बरेच जण पुढे तसेच सुरतेकडे सुटतात. तुम्ही मात्र नवापूरहून सुबीरमार्गे आहव्याला वळा. इथून दोन्ही बाजूंना साग आणि बांबू सुरू होतो, आणि गाडी आपसूक सावकाश चालवावीशी वाटते.

पहिला मुक्काम महाल या गावी करा. पूर्णा अभयारण्यात नदीकाठी वनखात्याचा कॅम्प आहे, बुकिंग आधीच करून ठेवा. (ही पूर्णा वेगळी, आपल्या चांगदेवला तापीला मिळते ती नव्हे. ही नवसारीकडे जाऊन समुद्राला मिळते.) बिबट्या आहे, चौशिंगा आहे, पण दिसेलच असं धरून जाऊ नका. पक्षी मात्र भरपूर. एका सकाळी आम्ही चहा घेत होतो, तेवढ्यात बायकोने उंबराकडे बोट दाखवलं. राखी धनेशाची जोडी होती. चोचीच्या टोकात फळ धरायचं, मान मागे झटकायची आणि गिळायचं. चहा गार झाला तरी आम्ही हललो नाही.

पुढे आहवा, मग वघई. वघईजवळचा गिरा धबधबा पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवसच बघण्यासारखा. शेजारी वांसदा राष्ट्रीय उद्यान आहे, 1979 मध्ये जाहीर झालेलं, जेमतेम 24 चौरस किलोमीटरचं, पण झाडी दाट. दुसरा मुक्काम इथल्या किलादच्या कॅम्पवर जमतो.

मग वांसदा, चिखली, वलसाड करत तिथल. गोव्यासारखी पांढरी वाळू डोळ्यासमोर आणू नका, इथली वाळू काळी आहे. ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि भरती झपाट्याने येते, म्हणून गाडी वाळूत उतरवू नका. थंडीत गेलात तर वलसाडजवळ हायवेला उबाडियू विकायला असतं: कंद, पापडी, बटाटे मडक्यात भरून मडकं उलटं ठेवून भाजतात. त्याला आपल्या भरताच्या वांग्यासारखा धुराचा वास असतो. गरम असतानाच खा.

नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. मार्चमध्ये साग उघडा पडतो, पण मोह फुलतो आणि होळीच्या आधी आहव्याला डांग दरबार हा आदिवासींचा मेळा भरतो, त्यासाठी गेलात तरी चालेल. गुजरातेत दारूबंदी आहे, गाडीत बाटली नको. अंधार पडल्यावर जंगलातून गाडी चालवू नका, जनावरं रस्त्यावर येतात. परतताना सुरतवरून सरळ हायवे धरा.