आबांच्या हाती बंदूक कशाला?

पत्र: माझे वडील, आबा, मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत लांगरी, म्हणजे स्वयंपाकी होते. १९७१ च्या लढाईत तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला होते. गेल्या श्रावणात ते गेले. येत्या १६ डिसेंबरला, विजय दिनाला, गावात कार्यक्रम आहे. भावाने फ्लेक्स करायला टाकलाय: ‘शत्रूला समोरासमोर भिडलेला वीर योद्धा’. फोटोत आबांच्या हातात बंदूक चिकटवलीय. खऱ्या फोटोत ते देगीपाशी मोठा डाव धरून उभे आहेत. भाऊ म्हणतो, स्वयंपाकी म्हटलं की लोक हसतील.

ट्रंकेत त्यांची पत्रंही सापडली. ११ डिसेंबरच्या पत्रात तीनच ओळी आहेत: ‘मी खुशाल आहे. थंडी फार आहे. आज भात उरला.’ घरी भात उरला की आबा ताटावरून उठून जायचे. का, ते आम्हाला कधी कळलं नाही.

मी सातवीत असताना आबा मला न्यायला शाळेत आले होते. ‘तुझा बाप मिलिटरीत भाकऱ्या थापतो’ म्हणून मुली चिडवायच्या. त्यांच्यासमोर मी म्हटलं, ‘हे आमच्या ओळखीचे आहेत.’ आबांनी ऐकलं. काही न बोलता त्यांनी माझं दप्तर उचललं आणि चालू लागले. आता भावाला अडवलं, तर मी आबांना पुन्हा कमी लेखतेय असं होईल का?
– एक लेक, जि. सातारा

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचताना मी त्या तिसऱ्या ओळीपाशी थांबले, आणि बराच वेळ पुढे जाता आलं नाही.

लांगरी माणसं मोजून तांदूळ धुतो. आज किती जेवणार, हे त्याला रोज सांगितलं जातं, आणि पलटणीत भात सहसा उरत नाही. आबांची पलटण, म्हणजे ‘जंगी पलटण’, तेव्हा ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला वाट अडवून बसली होती. शरण या, असं आपल्या ब्रिगेडियरनी पत्र पाठवलं, तर तिकडच्या कर्नलनी उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री शहरातली पाकिस्तानी बलूच पलटण वेढा फोडायला निघाली, ती मराठ्यांच्या मोर्चांवरच येऊन आदळली. सकाळी जमालपूर पडलं. आपलीही माणसं गेली होती. आघाडीवरच्या पत्रात गावाचं नाव लिहायचं नाही, कोण पडलं ते लिहायचं नाही, पत्रं तपासली जायची. ‘आज भात उरला’ यात खोडण्यासारखं कुणाला काय दिसणार? तुमच्या आईलाही तेव्हा ते उमगलं नसेल. आबा मात्र पुढची सगळी वर्षं घरातल्या पातेल्यात तोच भात बघत होते, असं मला वाटतं.

आता भावाचं. त्याच्यावर रागावू नका. त्याचं बापावर प्रेम आहे, लोकांची भीती आहे, इतकंच. त्या काळी लांगरी, धोबी, न्हावी यांची भरती ‘नॉन-कॉम्बॅटंट’ म्हणून व्हायची, म्हणजे कागदावर न लढणारे. आबांच्या डिस्चार्ज बुकातला हा शब्द त्यालाही कधी लागला असेल. पण आर्मी ॲक्ट त्यांनाही लागू होता आणि तोफेचा गोळा काही हुद्दा विचारून पडत नाही. जवानांच्या पिशवीतल्या पुऱ्या आणि शक्करपारे कुणीतरी रात्रभर जागून तळलेले असायचे. ट्रंकेत ‘पूर्वी स्टार’ नावाचं पदक आहे का बघा. ते पूर्वेकडच्या युद्धक्षेत्रात सेवा केलेल्यांना दिलेलं आहे, हातात बंदूक होती की डाव याची त्यात अट नाही. पदकावर आबांचा नंबर आणि नाव कोरलेलं असेल. भावाला त्यावरून बोट फिरवू द्या.

त्याच्याशी बोलायचं ते घरात, कार्यक्रमाच्या आधी, दोघांनीच. भावजय नको, पोरं नकोत. वाद घालू नका, ते पत्र त्याच्या हातात द्या आणि गप्प बसा. फ्लेक्सचा मजकूर मी सुचवते: ‘लांगरी, पहिली मराठा लाइट इन्फंट्री, जमालपूर, १९७१’. जमलं तर दोघं मिळून साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि त्या पलटणीतलं कुणी माजी सैनिक जवळपास आहे का ते विचारा. ती माणसं आता पंचाहत्तर-ऐंशीच्या घरात आहेत, तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. त्यांना कार्यक्रमाला बोलवा. आबांच्या हातचं जेवलेला एक म्हातारा पुढच्या रांगेत बसला की कोण हसतं ते मी बघते.

राहिली सातवीतली गोष्ट. मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न तोच आहे, फ्लेक्स नंतरचा. आबांना लागलं असणार, लागलं नाही असं खोटं मी सांगणार नाही. पण त्यांनी दप्तर उचललं, ताई. ओळखीच्या माणसानं उचललं असतं का? बारा वर्षांच्या पोरीला पोरींनी छळलंय, हे त्यांना तिथेच कळलं असणार.

१६ तारखेला माईक भावाकडे असेल. त्याच्याकडून दोन मिनिटं मागून घ्या. गावासमोर एवढंच म्हणा, ‘हे माझे वडील. पलटणीचे लांगरी होते,’ आणि ते तीन ओळींचं पत्र वाचून दाखवा. फोटो देगीपाशी उभे असलेलाच लावा, आणि छापणाऱ्याला सांगा, डाव कापू नकोस.