घट्ट झालेले डबे आणि कुजलेले डबे

आपण लिहिले आहे की मार्चमध्ये पेडण्याच्या कारखान्यात भरलेल्या, गच्चीसाठीच्या एसबीआर लॅटेक्स (पाण्यात विखुरलेले स्टायरीन-ब्युटाडाइन रबराचे बारीक कण) लेपाचे काही डबे मे महिन्यात दह्यासारखे घट्ट निघाले, तर काही ताकासारखे पातळ होऊन कुजकट वास मारू लागले. हे दोन वेगळे रोग आहेत. नुसते स्टॅबिलायझर (कणांना एकमेकांना चिकटू न देणारे द्रव्य) वाढवून दोन्ही बरे होणार नाहीत.

लॅटेक्समधील रबराचे कण त्यांच्याभोवतीच्या साबणासारख्या द्रव्यामुळे आणि ऋण विद्युतभारामुळे एकमेकांपासून दूर राहतात. पाण्यातून मीठ किंवा कॅल्शियम आले की तो भार दबतो आणि गुठळी धरते. खाडीलगतच्या ज्या विहिरीचे पाणी आपण वापरता, ते उन्हाळ्यात मचूळ होत असेल, तर डिआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढून टाकलेल्या, पाण्याला पर्याय नाही. कॅल्शियम कार्बोनेटची कोरडी भुकटी थेट लॅटेक्समध्ये टाकल्यास ती कणांभोवतीचा साबण ओढून घेते. म्हणून पाणी आणि डिस्पर्संट (भुकटी पाण्यात सुटी ठेवणारे द्रव्य) घालून तिची पेस्ट आधी वेगळी करावी.

माझी स्वतःची चूक सांगतो. कार्बोक्सिलेटेड, म्हणजे कणांवर आम्लधर्मी कार्बोक्सिल गट असलेल्या, लॅटेक्समध्ये मी झिंक ऑक्साइड घातले आणि पीएच अमोनियाने चढवला. पहिल्या दिवशी माल लोण्यासारखा होता. तिसऱ्या आठवड्यात डब्यात रोवलेली काठी उभीच राहिली. अमोनियात जस्त थोडे थोडे विरघळते आणि त्याचे आयन कणांवरील कार्बोक्सिल गटांना एकमेकांशी बांधत जातात, हे मला तेव्हा सुचले नाही. शिवाय झाकण उघडले की अमोनिया उडतो आणि पीएच उतरतो. आता मी पातळ केलेले पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ढवळत, थेंबाथेंबाने घालून पीएच 9 च्या आसपास ठेवतो.

वासाच्या डब्यांत जिवाणू आहेत. ते आम्ल सोडतात, म्हणून पीएच पडतो. त्यांची एंझाइमे दाटपणा देणारे हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज तोडतात, म्हणून माल पातळ होतो. आपले बायोसाइड (जिवाणू मारणारे द्रव्य) सीएमआयटी जातीचे असेल, तर ते एवढ्या अल्कलीत फार दिवस टिकत नाही, बीआयटी जातीचे टिकते. बहुतेकांचे दुर्लक्ष होते ते झाकणाच्या आतल्या बाजूकडे. पत्र्याच्या शेडमध्ये दिवसा तापलेला डबा रात्री निवतो, झाकणाखाली दव धरते आणि ते लेपाच्या पृष्ठभागावर पडून नेमके तिथलेच बायोसाइड पातळ करते. त्यामुळे डबा जवळजवळ काठोकाठ भरावा, आणि धुण्याच्या नळीत रात्रभर पाणी साचू देऊ नये.

पुढच्या बॅचच्या दोन घट्ट झाकणाच्या बरण्या भराव्यात: एक महिनाभर 50 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये, दुसरी शेडमध्ये. दर आठवड्याला पीएच आणि दाटपणा नोंदवावा आणि थोडा माल बारीक जाळीतून गाळून वर राहिलेल्या गुठळ्यांचे वजन करावे. पीएच स्थिर असूनही गुठळ्या वाढल्या, तर दोष पाण्यातल्या क्षारांत किंवा भुकटीत शोधावा. शेडमधल्या बरणीचा पीएच पडून माल पातळ झाला, तर जिवाणूंचा संशय घ्यावा. 50 अंशांत ते सहसा तग धरत नाहीत, त्यामुळे ओव्हनमधली बरणी या बाबतीत खोटा दिलासा देऊ शकते.

दही झालेले डबे पुन्हा लेप होणार नाहीत. कुजलेला माल मात्र थोडा थोडा नव्या बॅचमध्ये खपवण्याचा मोह टाळावा. बायोसाइडने जिवाणू मेले तरी त्यांची एंझाइमे काम करतच राहतात.