पोहताना लेन्स नको, नंबर गॉगलमध्येच हवा

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३४. दोन्ही डोळ्यांना उणे ४ नंबर आणि उणे १ सिलिंडर (तिरका नंबर) आहे. मी नियमित पोहते, सुटीत कयाकिंग करते. चष्मा काढला की तलावाच्या भिंतीवरचं घड्याळही दिसत नाही, म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स घालून वरून गॉगल लावते. मैत्रीण म्हणते, लेन्स घालून पाण्यात उतरू नकोस. एवढं काय होतं? की सरळ लेसिक, म्हणजे लेझरने नंबर घालवायची शस्त्रक्रिया, करून टाकू?

उत्तर : मैत्रिणीचं ऐका. अकँथामीबा नावाचा एकपेशीय जीव नळाच्या, तलावाच्या, समुद्राच्याही पाण्यात असतो. परिस्थिती बिकट झाली की तो स्वतःभोवती कवच करून बसतो आणि तलावातल्या क्लोरीनला दाद देत नाही. मऊ लेन्स पाणी शोषते, हा जीव तिला चिकटतो आणि कॉर्नियावरच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरच्या) बारीकशा ओरखड्यातून आत शिरतो. असे रुग्ण मी पाहिले आहेत. डोळा आल्यासारखी लाली, पण दुखणं त्याच्या कितीतरी पट. खोलीतला दिवाही सहन होत नाही. बरेचदा आधी हर्पिस या विषाणूची शंका येते आणि त्यात मोलाचे दिवस जातात. मग सुरुवातीला तासातासाला थेंब, रात्रीसुद्धा. उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि काहींना शेवटी कॉर्निया बदलावा लागतो. वरच्या गॉगलने धोका कमी होतो, पण एकदा कडेतून पाणी शिरलं की संपलं. अगदीच इलाज नसेल तर एकदाच वापरायची लेन्स घाला आणि बाहेर आल्यावर लगेच टाकून द्या. नळाच्या पाण्याने धुऊन पुन्हा वापरणं तर मुळीच नको.

तुमच्यासाठी नंबरचा गॉगल उत्तम. तयार गॉगलमध्ये सिलिंडर नसतो, म्हणून सिलिंडरचा निम्मा नंबर मूळ नंबरात मिळवायचा : उणे ४ आणि उणे अर्धा, म्हणजे उणे साडेचार. हे गॉगल बहुधा अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकाने मिळतात. मधला नंबर निघाला तर कमीचा घ्या. पोहायला तेवढं पुरतं आणि डोळ्यांवर ताण येत नाही. दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असतील तर दोन्ही भिंगं वेगवेगळी निवडता येतील असा गॉगल बघा. सिलिंडर मोठा असेल तर मात्र भिंगं बनवूनच घ्यावी लागतात. घेताना पट्टा न लावता गॉगल डोळ्यांवर हलकेच दाबून सोडा. क्षणभर तरी तो आपसूक चिकटून राहिला पाहिजे. लगेच गळून पडला तर पट्टा कितीही आवळा, पाणी येणारच.

कयाकिंगला चष्माच बरा : पॉलिकार्बोनेटच्या काचा, अतिनील किरणांपासून संरक्षण आणि पाण्यावर तरंगणारा पट्टा. पाण्यावरून परावर्तित होणारं ऊन डोळ्यांना फार लागतं. वर्षानुवर्षं उघड्या डोळ्यांनी उन्हात राहणाऱ्यांच्या बुबुळावर मांसल पडदा चढू लागतो.

लेसिकला माझा विरोध नाही. नंबर स्थिर असेल आणि कॉर्नियाची जाडी पुरेशी असेल तर जरूर विचार करा. पण त्यात कॉर्नियाचा पातळ पापुद्रा उचलून परत बसवतात, आणि जोराच्या फटक्याने तो पुढेही सरकू शकतो. वॉटर पोलोसारख्या अंगावर येणाऱ्या खेळात असाल तर पापुद्रा न काढता होणाऱ्या पीआरके पद्धतीबद्दल विचारा. कुठलीही शस्त्रक्रिया झाली तरी तुमचे सर्जन परवानगी देईपर्यंत पोहणं बंद, आणि नंतरही गॉगल हवाच.

प्रश्न : वय ४८. स्कूबा डायव्हिंग शिकतो आहे. लांबचं छान दिसतं, पण पाण्याखाली हातातल्या गेजवरचे (हवा आणि खोली दाखवणाऱ्या मापकावरचे) आकडे वाचता येत नाहीत. पोहण्याचा नंबरचा गॉगल चालेल का?

उत्तर : नाही, आणि हे फार महत्त्वाचं आहे. गॉगलमध्ये नाक बाहेर राहतं. खोल जाताना वाढणारा दाब नाकाने हवा सोडून जुळवता आला नाही, तर गॉगल डोळ्यांवर आवळतो आणि आतल्या रक्तवाहिन्या फुटतात. डायव्हिंगला नाक झाकणारा मास्कच लागतो. पाण्यात वस्तू एक तृतीयांश मोठी दिसते, पण खऱ्या अंतराच्या तीन चतुर्थांशावर आल्यासारखी भासते. त्यामुळे चाळिशी लागलेल्या डोळ्याला तिच्यावर नजर स्थिरावणं जड जातं. मास्कच्या काचेच्या खालच्या भागात वाचायच्या नंबरची छोटी भिंगं चिकटवून मिळतात. ती घ्या, आणि खोल जाण्याआधी उथळ पाण्यात गेज वाचून बघा.